घर मागणाऱ्यांची एक यादी

पुण्याच्या जुन्या वाड्यांत बिऱ्हाड मिळविण्याची रीत मोठी साधी होती. ‘जागा भाड्यानें देणें आहे’ अशी पाटी दारावर क्वचितच लागे. ती लागण्यापूर्वींच जागा गेलेली असे. कोणाची बदली झाली, कोणाचा मुलगा नोकरीसाठीं मुंबईस गेला, म्हणजे दोन खोल्या रिकाम्या होणार ही वार्ता नळावर, देवळांत आणि कचेरींत आधींच पोंचे. आणि मालकाच्या ओळखीचा, जातीचा अथवा गांवचा जो कोणी येऊन बोलणें करी, त्याचें सामान पहिल्या तारखेस ओसरीवर येऊन पडे. ह्या रीतींत जिव्हाळा होता, हें नाकारण्याचें कारण नाहीं. परंतु सहा महिने जागा शोधीत हिंडणाऱ्या परक्या गृहस्थाचें नांव त्या रीतींत कोठेंच लिहिलेलें नसे. त्याचें ताटकळणें हें त्याचें खाजगी दुर्दैव. शहराला त्याची खबरहि नसे.

घर कोणाला आधीं मिळावें, हा प्रश्न वरवर पाहतां कारकुनी कामाचा वाटतो. वस्तुतः तो न्यायाचा प्रश्न आहे. घरें थोडीं आणि मागणारे पुष्कळ अशी स्थिति असली, म्हणजे वांटणीचे तीनच मार्ग उरतात: ओळख, रांग आणि चिठ्ठी. पुणें शहरानें गेल्या पाऊणशें वर्षांत हे तिन्ही मार्ग चोखाळून पाहिले. त्यांत घर गमावलेल्या साऱ्या कुटुंबांकडे एकाच नजरेनें पाहण्याचा प्रसंग एकदांच आला, आणि तोहि एका भयंकर आपत्तीच्या दडपणाखालीं. त्या प्रसंगाचा आणि त्यानंतरच्या विस्मृतीचा इतिहास समजून घेण्यासारखा आहे.

त्याची सुरुवात दुसऱ्या महायुद्धाच्या काळापासून करावी लागते. १९४३ सालीं मुंबईंत धान्याचें रेशनिंग सुरू झालें आणि पुढें तें प्रांतांतल्या इतर शहरांतहि आलें. त्याबरोबर कुटुंबाचें नांव, माणसांची संख्या आणि पत्ता हीं सरकारी नोंदींत आलीं. माणूस श्रीमंत असो वा गरीब, कार्डावरचें माप सर्वांना सारखें. ह्या व्यवस्थेला लोकांनीं नांवें ठेवलीं, रांगांना कंटाळून ते करवादले. परंतु टंचाईच्या काळांत एकाच नोंदवहीवरून वांटणी करतां येते, ही गोष्ट तिनें सिद्ध केली. धान्याच्या बाबतींत जें साधलें, तें घराच्या बाबतींत मात्र साधलें नाहीं.

घरासाठीं झाले ते कायदे. १९४७च्या भाडेनियंत्रण कायद्यानें १ सप्टेंबर १९४० रोजींचें भाडें प्रमाण धरलें आणि भाडेकरूला मनमानी हुसकावणीपासून संरक्षण दिलें. मध्यम वर्गाच्या कित्येक पिढ्या ह्या कायद्याच्या छत्राखालीं पेठांतून राहिल्या. परंतु हा कायदा घरांत असलेल्यांचा होता. घराबाहेर उभ्या असलेल्यांविषयीं तो मुका होता. नवें बिऱ्हाड ठेवण्यांत मालकाला गोडी उरली नाहीं, आणि ‘पागडी’ ह्या शब्दाला डोक्यावरच्या वस्त्राखेरीज एक नवा अर्थ चिकटला. १९४८ सालीं जागा ताब्यांत घेण्याचा कायदा झाला. ज्या भागांस तो लागू झाला, तेथें रिकामी झालेली जागा मालकानें सरकारास कळवावी व सरकारनें ती सार्वजनिक कामासाठीं कोणास द्यावयाची तें ठरवावें, अशी योजना होती. सामाईक यादीच्या अगदीं जवळ जाणारी ही कल्पना. पण तिच्यांत रिकाम्या जागांची नोंद होती, थांबलेल्या माणसांची नव्हती. परिणाम असा झाला कीं, तात्पुरत्या म्हणून घेतलेल्या जागा चाळीस-चाळीस वर्षें तशाच राहिल्या, आणि अखेर १९९४ सालीं सर्वोच्च न्यायालयानें असा ताबा कायमचा असूं शकत नाहीं, असें सांगून त्या मोकळ्या करण्यास मुदत घालून दिली.

त्याच १९४८ सालच्या कायद्यानें मुंबई गृहनिर्माण मंडळ अस्तित्वांत आलें. सरकारनें स्वतः घरें बांधावयाचीं, हा विचार तेव्हांपासून रुजला. पाठोपाठ केंद्र सरकारच्या योजना आल्या: १९५२ सालीं कारखान्यांतील कामगारांसाठीं, १९५४ सालीं अल्प उत्पन्नाच्या लोकांसाठीं, १९५६ सालीं गलिच्छ वस्त्यांच्या निर्मूलनासाठीं. प्रत्येक योजना हितकर होती. पण प्रत्येकीचा माणूस वेगळा होता. कामगाराची नोकरी सुटली म्हणजे तो एका योजनेंतून बाहेर पडे, आणि झोपडी निर्मूलनाच्या भागांत नसली म्हणजे दुसऱ्या योजनेंत त्याला प्रवेश नसे. माणूस तोच, गरज तीच. बदले तो केवळ अर्जाचा कागद.

ह्याच सुमारास पुणें शहर मोजलें जात होतें, हेंहि लक्षांत ठेविलें पाहिजे. प्रा. धनंजयराव गाडगीळ यांच्या मार्गदर्शनाखालीं गोखले अर्थशास्त्र संस्थेनें केलेल्या पुण्याच्या पाहणीचा पहिला भाग १९४५ सालीं व दुसरा १९५२ सालीं प्रसिद्ध झाला. एका हिंदी शहराची इतक्या बारकाईनें केलेली ही पाहणी त्या काळीं अपूर्वच होती. परंतु पाहणी आणि यादी यांत भेद आहे. दाटीनें राहणारीं कुटुंबें किती, हें पाहणी सांगते. त्यांतलें पहिलें कुटुंब कोणतें, हें ती सांगत नाहीं. पाहणींत आंकडे असतात, यादींत नांवें असतात. आणि नांव लिहून घेतलें म्हणजे लिहून घेणाऱ्यावर एक ऋण चढतें.

हें ऋण पुण्यावर १२ जुलै १९६१ रोजीं एकाएकीं येऊन आदळलें. आंबी नदीवरील पानशेतचें धरण अद्याप पुरें झालें नव्हतें. संततधार पावसानें पाण्याची पातळी वाढत गेली. लष्कराच्या जवानांनीं रात्रभर वाळूचीं पोतीं रचून बांध सांवरण्याची शिकस्त केली. परंतु त्या सकाळीं धरण फुटलें, आणि तो लोंढा अंगावर आल्यानें मुठेवरचें खडकवासल्याचें जुनें धरणहि दुपारीं फुटलें. पाणी लकडी पुलावरून गेलें. नारायण, शनिवार, कसबा, सोमवार, मंगळवार ह्या नदीकांठच्या पेठांत आणि पलीकडे शिवाजीनगर-डेक्कनच्या बाजूस तें शिरलें. मातीच्या भिंतींचे जुने वाडे भिजून बसले. ज्या वाड्यांत दहा-बारा बिऱ्हाडें नांदत होतीं, तेथें दुसऱ्या दिवशीं चिखल आणि तुळया उरल्या. शाळांचे वर्ग हीं कुटुंबांचीं घरें झालीं.

पूरग्रस्तांच्या पुनर्वसनाची धुरा सरकारनें स. गो. बर्वे ह्या सनदी अधिकाऱ्याकडे सोंपविली. ते पूर्वीं पुणें महानगरपालिकेचे आयुक्त राहिलेले असल्यामुळें शहराची गल्ली न् गल्ली त्यांच्या परिचयाची होती. अन्न, वस्त्र, पाणी ह्या पहिल्या गरजा भागल्यावर जो प्रश्न उभा राहिला, तो सर्वांत अवघड होता: पूरग्रस्त म्हणावयाचें कोणाला? वाड्याच्या मालकाचें नुकसान रुपयांत मोठें, पण त्याच्या हातीं निदान जमीन उरली होती. बिऱ्हाडकरूचें नुकसान रुपयांत लहान. परंतु त्याच्या हातीं भाड्याची पावतीहि उरली नव्हती. ज्या भाडेनियंत्रण कायद्याचा त्याला आधार, तो कायदा भिंती उभ्या असेपर्यंतच कामाचा. एका खोलींत राहणारे दोन भाऊ हें एक कुटुंब कीं दोन? नदीकांठीं झोपडी घालून राहणाऱ्या मजुराला आधीं घर होतें असें म्हणावयाचें कीं नाहीं? हे प्रश्न पुस्तकी नव्हते. प्रत्येक प्रश्नाच्या उत्तरावर कोणाचें तरी छप्पर अवलंबून होतें.

पुण्याच्या आजच्या नकाशांत त्या उत्तरांच्या खुणा वाचतां येतात. गोखलेनगरच्या माळावर अर्धगोल छपराच्या निसेन हट उभ्या राहिल्या. लोकमान्यनगर, दत्तवाडी, पर्वती दर्शन ह्या भागांत पूरग्रस्तांसाठीं घरें झालीं. ज्यांना थोडेंफार भांडवल उभें करणें शक्य होतें, त्यांनीं सहकारी गृहरचना संस्था स्थापिल्या; त्यांना सरकारी जमीन दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्यानें मिळाली. सहकारनगर हें नांवच त्या प्रयत्नाची साक्ष देतें. नदीकांठच्या पेठांत कोंडलेलें पुणें त्यामुळें पर्वतीच्या पायथ्याशीं आणि माळरानांवर पसरलें. येथें ध्यानांत घेण्याजोगी गोष्ट ही कीं, ह्या घरांचे बांधणारे निरनिराळे होते. कांहीं सरकारी घरें होतीं, कांहीं सहकारी संस्थांचीं. परंतु त्या सर्वांच्या दारावर विचारला जाणारा दाखला एकच होता. ‘पूरग्रस्त’ ह्या एका शब्दानें मालक आणि भाडेकरू, कारकून आणि हमाल एका नोंदींत आले. जें धान्याच्या बाबतींत युद्धानें केलें, तें घराच्या बाबतींत पुरानें केलें.

ही व्यवस्था निर्दोष होती असें मात्र म्हणतां येणार नाहीं. तात्पुरत्या म्हणून दिलेल्या हट कित्येक कुटुंबांच्या दोन पिढ्यांचें घर झाल्या. पूरग्रस्त संस्थांच्या जमिनीची मालकी कोणाची, हा प्रश्न अनेक दशकें कचेऱ्यांतून फिरत राहिला. तरीहि एक गोष्ट खरी कीं, त्या वेळीं एखाद्या कुटुंबाला ‘तुम्ही आमच्या योजनेंत बसत नाहीं’ असें सांगणाऱ्याला ‘मग कोणाच्या योजनेंत बसतों?’ असा उलट प्रश्न विचारण्याची सोय होती. पूर ओसरला, वसाहती झाल्या, आणि ती नोंदवही मिटली. पुराखेरीज अन्य कारणानें घराला मुकलेल्यांसाठीं तशी वही पुन्हां उघडली गेली नाहीं.

त्यानंतरच्या साठ वर्षांत घर देणारीं दारें मात्र वाढत गेलीं. पिंपरी-चिंचवडचे कारखाने वाढले, आणि तेथील कामकरी वर्गाच्या वस्तीचा विचार करून १९७२ सालीं नवनगर विकास प्राधिकरण स्थापन झालें. तें २०२१ सालीं विसर्जित झालें. १९७६च्या कायद्यानें जुनीं गृहनिर्माण मंडळें एकत्र करून ‘म्हाडा’ ही संस्था ५ डिसेंबर १९७७ रोजीं जन्मास आली आणि पुण्यास तिचें स्वतंत्र मंडळ झालें. झोपडपट्टी पुनर्वसनाचें प्राधिकरण पुण्यांत २००५ सालीं आलें. २०१३ सालीं राज्य सरकारनें मोठ्या शहरांत नियम केला कीं, ४,००० चौरस मीटर वा त्याहून मोठ्या भूखंडावर बांधणाऱ्यानें २० टक्के घरें दुर्बल व अल्प उत्पन्न गटासाठीं ठेवावींत. २०१५ सालीं पंतप्रधान आवास योजना आली. महानगरपालिकेचीं घरें वेगळीं, महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाचीं वेगळीं, सहकारी संस्थांचीं त्याहून वेगळीं.

प्रत्येक दाराशीं अर्ज वेगळा, अनामत रक्कम वेगळी, उत्पन्नाचा दाखला पुन्हां नवा. एकच कुटुंब चार दारांशीं उभें असतें, आणि चार कचेऱ्या त्याला चार कुटुंबें म्हणून मोजतात. उलट, जें कुटुंब कागदपत्रांच्या भीतीनें एकाहि दाराशीं जात नाहीं, तें कोणाच्याच मोजणींत येत नाहीं. म्हणून ह्या साऱ्या याद्यांची बेरीज केली तरी शहराची गरज कळत नाहीं: ती बेरीज एका अंगानें फार मोठी आणि दुसऱ्या अंगानें फार लहान असते.

म्हाडानें वांटणीसाठीं प्रामुख्यानें जो मार्ग पत्करला तो चिठ्ठीचा, म्हणजे सोडतीचा. जाहिरात निघते, अर्जदार आपापल्या उत्पन्न गटांत अर्ज व अनामत भरतात, ठरल्या दिवशीं सोडत निघते. पूर्वींच्या चिठ्ठ्यांची जागा पुढें संगणकानें घेतली. ह्या पद्धतीचा गुण थोर आहे. चिठ्ठीला काका-मामा नसतात. वाड्यांतल्या ओळखीच्या रीतीशीं ताडून पाहिलें म्हणजे सोडत ही केवढी लोकशाही सुधारणा आहे, हें पटतें. परंतु जो तिचा गुण, तोच तिचा दोष. चिठ्ठीला जशी ओळख नसते, तशी स्मरणशक्तीहि नसते. दहा वर्षें अर्ज करणारी विधवा आणि कालच अर्ज केलेला तरुण एका गटांत असले, तर डब्यांत त्यांच्या चिठ्ठ्या सारख्याच. सोडत हुकली कीं अनामत परत मिळते. थांबलेलीं वर्षें परत मिळत नाहींत, आणि पुढील सोडतींत तीं जमेसहि धरलीं जात नाहींत. न विकलेल्या घरांसाठीं पुणें मंडळानें ‘प्रथम येणाऱ्यास प्रथम प्राधान्य’ असा मार्गहि अवलंबिला. पण ती रांग पैसे हातांत तयार असलेल्याची रांग होते, गरजेची नव्हे.

ह्या कोड्याचें उत्तर इतर देशांनीं कसें शोधलें, तें पाहणें उद्बोधक आहे. उत्तर आयर्लंडमध्यें नगरपरिषदांचीं घरें स्थानिक सभासदांच्या मर्जीनें वांटलीं जात. १९६८च्या जून महिन्यांत कॅलेडन नांवाच्या खेड्यांत एक नवें घर एका अविवाहित तरुणीस मिळालें, आणि मुलाबाळांचीं कॅथॉलिक कुटुंबें थांबलेलीं राहिलीं. ऑस्टिन करी नांवाच्या लोकप्रतिनिधीनें त्या घरांत ठाण मांडून निषेध केला. ती ठिणगी नागरी हक्कांच्या चळवळीस जाऊन मिळाली. पुढील वर्षीं कॅमेरून चौकशी मंडळानें घरवांटणींतील अन्याय हें असंतोषाचें एक मूळ असल्याचें नमूद केलें. आणि १९७१च्या कायद्यानें घरांचा कारभार नगरपरिषदांकडून काढून एका मध्यवर्ती मंडळाकडे देण्यांत आला. गरजेला गुण द्यावे आणि गुणांप्रमाणें क्रम लावावा, ही पद्धत तेथें रुळली; पुढें बिगरसरकारी गृहसंस्थांचीं घरेंहि त्याच यादींतून दिलीं जाऊं लागलीं. ऑस्ट्रेलियांतील न्यू साउथ वेल्स राज्यानें २०१० सालीं व व्हिक्टोरिया राज्यानें २०१६ सालीं सरकारी घरें आणि समाजसंस्थांचीं घरें यांसाठीं अर्ज एक आणि नोंदवही एक, अशी व्यवस्था केली. मागणाऱ्यानें दारोदार फिरावयाचें नाहीं. दारांनींच एका यादीकडे पाहावयाचें, हें तिचें सार.

यादी झाली कीं सर्व कांहीं झालें, असें मात्र मुळींच नाहीं. मुंबईचें उदाहरण जवळचें आहे. तेथें मोडकळीस आलेल्या उपकरप्राप्त इमारतींतील रहिवाशांसाठीं ‘मास्टर लिस्ट’ आहे. तींतील कित्येक कुटुंबांनीं संक्रमण शिबिरांत दशकेंच्या दशकें काढलीं. कोणाला कोणतें घर द्यावयाचें हें उघड संगणकीय सोडतीनें ठरविण्याची पद्धत तेथें येण्यास २०२३ सालाची अखेर उजाडली. घरेंच पुरेशीं नसलीं, तर यादी ही केवळ सुबक अक्षरांत लिहिलेली निराशा होते. शिवाय सहकारी संस्थेची एक रास्त शंका असते: सभासदांनीं भागभांडवल घालून उभारलेल्या घरांत बाहेरच्या यादीनें माणूस कां पाठवावा? त्या संस्थेचा स्वयंनिर्णय हा सहकाराचा प्राण आहे. म्हणून सामाईक यादींत स्वेच्छेनें बांधलेलीं सभासदांचीं घरें ओढण्याचें कारण नाहीं. सरकारी जमीन, सरकारी पैसा अथवा सरकारी सवलत ज्या घरांत गेली, तेवढ्यांपुरतीच तिची मर्यादा ठेवणें न्याय्य होईल.

पुण्यांत ह्या दिशेनें एक लहान पाऊल पडलेलेंहि आहे. २०२३च्या आरंभीं पुणें मंडळाच्या सोडतीपासून म्हाडानें नवी संगणकप्रणाली आणली. तींत अर्जदारानें एकदांच नोंदणी करावी, कागदपत्रें आधींच तपासून घ्यावींत आणि त्याच नोंदणीवर पुढील सोडतींत भाग घ्यावा, अशी सोय झाली. ही नोंद एका संस्थेपुरती आहे आणि शेवटीं ती चिठ्ठीच्याच डब्यांत पडते, हें खरें. परंतु माणसाचें नांव एकदां लिहिलें म्हणजे तें पुसावयाचें नाहीं, हें तत्त्व तरी तिनें मान्य केलें. तेंच तत्त्व शहरांतील इतर कचेऱ्यांनीं मान्य केलें आणि नोंदणीची तारीख क्रम लावतांना मोजली, तर चिठ्ठीची निःपक्षपाती वृत्ति आणि रांगेची स्मरणशक्ति एकत्र नांदूं शकतील. सोडत बंद करावी लागणार नाहीं. थांबलेल्या प्रत्येक वर्षाबद्दल एक जादा चिठ्ठी घातली, तरी त्या विधवेचीं दहा वर्षें डब्यांत दिसूं लागतील.

१९६१ सालीं पूरग्रस्तांची नोंद करणें शक्य झालें, कारण त्यांचें दुःख सर्वांच्या डोळ्यांदेखत घडलें होतें. भिंतींवर पाण्याची रेषा होती. ती दाखवून माणूस म्हणूं शकत होता, माझें घर येथें होतें. वाढत्या भाड्यानें शहराच्या कडेला ढकलल्या गेलेल्या कुटुंबाजवळ, अथवा एका खोलींत तीन पिढ्या नेटानें रेटणाऱ्या घराजवळ दाखविण्यासारखी अशी रेषा नसते. त्यांचा पूर हळूहळू चढतो आणि त्याचा आवाज होत नाहीं. त्यांच्यापाशीं असते ती केवळ अर्जाची तारीख. ती तारीख एका ठिकाणीं लिहून ठेवणें आणि ती मोजणें, एवढें तरी शहराच्या हातचें आहे.